घोड्याच्या दाढांची निगा: खानदेशातल्या घोडेवाल्यांसाठी

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारात फिरलं की एकच दृश्य ठिकठिकाणी दिसतं. गिऱ्हाईक घोड्याभोवती चक्कर मारतं, पाय बघतं, भोवरे बघतं. मालक म्हणतो, "दात दखी ल्या भाऊ." मग ओठ वर होतो, समोरचे दात दिसतात, वय ठरतं आणि सौद्याची बोलणी सुरू होतात. इतका जुना बाजार, इतकी जाणती माणसं, पण घोड्याचं तोंड उघडलं जातं ते बहुतेक किमतीसाठीच. ज्या दाढांवर घोडं प्रत्यक्ष जगतं त्या गालाआड लपलेल्या असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. घोडं वाळायला लागलं की जंताचं औषध होतं, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक वाढवला जातो, गूळ-चणे सुरू होतात. दाढेचा काटा मात्र गालात रुततच राहतो.

वर्षातून एकदा घोड्याच्या दाढा नीट बघून घेतल्या तर यातला बराच त्रास टळतो. मालकाने घरी काय बघायचं, डॉक्टरांकडून काय करून घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते इथे क्रमाने सांगतो.

तोंडात काय कुठे असतं

समोर वर सहा आणि खाली सहा असे १२ दात. त्यांनी घोडं गवत तोडतं. त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना चार बोटं मावतील एवढी मोकळी हिरडी असते. लगामाचं कडियाळ, म्हणजे तोंडात घालायची लोखंडी कांब, बसतं ते इथेच. नराला याच जागेत चौथ्या-पाचव्या वर्षी चार सुळे येतात. घोडीला सहसा येत नाहीत, आले तर बारीक असतात. त्यामागे दाढांची रांग: वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सहा-सहा, म्हणजे एकूण २४. काही जनावरांना पहिल्या दाढेच्या अगदी पुढे करंगळीच्या नखाएवढा एक जादा दात येतो. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. सगळं धरून नराला ४० ते ४४ आणि घोडीला ३६ ते ४० दात असतात.

आपला दात एकदा आला की तेवढाच राहतो. घोड्याचं तसं नाही. तरुण घोड्याची दाढ ७ ते १० सेंटीमीटर लांब असते आणि तिचा बराचसा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो. दरवर्षी ती दोन ते तीन मिलिमीटर वर सरकते आणि चावताना तेवढीच झिजते. वर येणं आणि झिजणं यांचा मेळ बसला तर घोडं म्हातारपणापर्यंत व्यवस्थित खातं. मेळ चुकला की जी दाढ कमी झिजते ती वाढत जाते आणि समोरच्या दाढेला किंवा हिरडीला इजा करते.

मेळ चुकण्याची सुरुवात रचनेतच आहे. घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड पुरेशी घासली जात नाही. तिथे धारदार काटे तयार होतात. वरचे काटे गाल कापतात, खालचे जीभ. पहिल्या वरच्या दाढेच्या पुढच्या टोकाला आणि शेवटच्या खालच्या दाढेच्या मागच्या टोकाला आकडेही वाढतात. हे सगळं निरोगी, चांगल्या पोसलेल्या घोड्यातही होतं, म्हणून मालकाने वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. लक्ष ठेवलं म्हणजे झालं.

वैरण आणि दाढा

एक किलो वाळलेली वैरण खायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तीन हजारांच्या वर चावे घ्यावे लागतात. एक किलो चंदी दहा मिनिटांत संपते आणि चावे हजाराच्या आसपास. शिवाय वैरण चावताना जबडा दोन्ही बाजूंना रुंद फिरतो, दाणा चावताना तो जास्त करून वर-खालीच होतो. ज्या घोड्याला हरभरा, बाजरी, मका भरपूर आणि कडबा थोडा मिळतो, त्याच्या दाढांच्या कडा लवकर धारदार होतात. लग्नसराईत वरातीच्या घोड्यांचं नेमकं हेच होतं. दिवसभर टेम्पोत किंवा मंडपाच्या मागे उभं राहायचं, वैरणीला वेळ नाही, मग तोबऱ्यात दोन किलो चंदी घालून मोकळं व्हायचं.

म्हणून वैरणीला पहिला मान द्या. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा आहार लागतो आणि त्यातला मोठा भाग वैरणीचाच असावा. आपल्याकडे दादर ज्वारीचा कडबा मिळतो, ही खानदेशातल्या घोडेवाल्याची मोठी सोय आहे. तरण्या, चांगल्या दाढांच्या घोड्याला कडबा अगदी बारीक कुट्टी करून देऊ नका. तीन-चार बोटं लांबीची कुट्टी चालते. पीठ केल्यासारखी कुट्टी घोडं न चावता गिळतं आणि ती घशात अडकायचीही भीती असते.

गव्हाण उंच नको. घोडं मान खाली घालून चरतं तेव्हा खालचा जबडा किंचित पुढे सरकतो आणि दाढा नीट जुळतात. भिंतीवर छातीच्या उंचीला बांधलेल्या गव्हाणीत वर्षानुवर्षं खाणाऱ्या घोड्याची झीज एकसारखी होत नाही. जमिनीवर स्वच्छ ओटा किंवा जाड रबरी चटई टाकून वैरण टाका. थेट मातीवर नको, वाळू-माती पोटात जाऊन वेगळं दुखणं लागतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, शिरपूर, शहादा, चोपड्याकडे, डोंगरावरचं कुसळी गवत कापून आणतात. हे गवत फुलोऱ्याआधी कापलं तर ठीक. कुसळं धरल्यावर कापलं तर ती ओठाच्या आत, जिभेखाली, हिरडी आणि दाताच्या फटीत शिरतात आणि जखमा करतात. दाढेचं दुखणं समजून आणलेल्या एखाद्या घोड्याच्या जिभेखाली कुसळांचा पुंजका सापडतो, तो काढून दोन दिवस मऊ खाणं दिलं की घोडं पूर्ववत खायला लागतं. दिवाळीनंतर असं गवत घ्याल तर पेंढी सोडून हातात घेऊन बघा.

गुळाचंही सांगून टाकतो. कामाच्या दिवशी एखादा खडा ठीक. रोज मूठ-मूठ गूळ चारला तर दाढांना कीड लागायला मदतच होते. घोड्यालाही दात किडण्याचा त्रास होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

रोजच्या खाण्यात काय टिपायचं

दाढ दुखत असली तरी घोडं खाणं एकदम सोडत नाही. ते खाण्याची रीत बदलतं, आणि ही रीत मालकालाच रोज दिसते. म्हणून तपासणीची सुरुवात गव्हाणीपाशी करा. वैरण टाकून दहा मिनिटं शांत उभे राहा.

सर्वात पक्की खूण चोथ्याची. घोडं वैरण तोंडात घेतं, थोडी चावतं आणि लांबट ओला गोळा खाली टाकतं. असा गोळा उचलून तळहातावर उलगडून बघा. कडब्याच्या काड्या वाकलेल्या, लाळेने चिकटलेल्या दिसतील, पण चुरलेल्या नसतील. काही गोळ्यांवर रक्ताची बारीक रेघ असते. गव्हाणीखाली असे दोन-तीन गोळे रोज दिसायला लागले तर डॉक्टरांना कळवा, वर्षाची तारीख येईपर्यंत थांबू नका.

इतर खुणा अशा: मान एका बाजूला कलती धरून खाणं, एकाच बाजूने चावणं, चंदी संपवून कडबा सोडून देणं, थंड पाणी पिताना दचकणं, वैरण आधी पाण्यात बुडवून खाणं, गालात वैरणीचा बोकणा साठून गाल फुगलेला दिसणं. तोंडाला सडका वास येत असेल तर तो नेहमीचा समजू नका. निरोगी घोड्याच्या तोंडाला वैरणीचा गोडसर वास येतो.

लीदही बघा. मूठभर ताजी लीद बादलीतल्या पाण्यात कालवून चाळणीतून गाळा. अख्खे हरभरे, मक्याचे न फुटलेले दाणे, बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या सापडल्या तर चावणं अपुरं होतंय. असं कच्चं चावलेलं पोटात गेलं की पोटशूळाचा धोका वाढतो आणि पोटशूळाने घोडं एका रात्रीत जातं.

लगाम लावतानाचं वागणं ही दुसरी महत्त्वाची जागा. दोंडाईच्याकडची वरातीची एक घोडी बँड वाजला की डोकं झटकायची. मालकाची समजूत झाली की ती आवाजाला बुजते, म्हणून कानात बोळे घालणं सुरू होतं. तोंड उघडून पाहिलं तर दोन्ही गालांना आतून वरच्या दाढांनी पाडलेल्या जखमा होत्या. वरातीत लगाम आखडून धरला की गालाची कातडी त्या काट्यांवर दाबली जायची. काटे घासून काढले, पंधरा दिवस कडियाळ लावलं नाही, आणि ती त्याच बँडपुढे शांत चालली. डोकं झटकणं, जीभ बाहेर काढणं, एका बाजूला वळायला नकार देणं, लगाम बघितला की मान वर करणं, यातलं काही नव्याने सुरू झालं तर घोड्याला खोडकर ठरवण्याआधी तोंड बघून घ्या.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर तो बहुधा वरच्या मागच्या दाढेचा असतो, कारण त्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या हाडाच्या पोकळीला लागून असतात. पण नाकात व्रण, कातडीवर गाठी, ताप असं काही सोबत दिसलं तर ग्लँडर्सची शंका घ्यावी लागते. तो रोग माणसाला होतो. अशा घोड्याला वेगळं बांधा आणि लगेच सरकारी दवाखान्यात कळवा.

घरी तोंड तपासण्याची पद्धत

महिन्यातून एकदा, खरारा झाल्यावर, घोडं निवांत असताना हे करावं. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

आधी एक इशारा. घोडं अचानक लाळ गाळू लागलं, गिळता येईना, चिडचिडं किंवा सुस्त झालं, विशेषतः गावात पिसाळलेलं कुत्रं फिरून गेलेलं असेल, तर तोंडात हात घालू नका. रेबीज घोड्यालाही होतो आणि लाळेतून पसरतो. त्याचप्रमाणे जबडा घट्ट मिटलेला, शरीर ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे आलेला असेल तर तो धनुर्वात असू शकतो. दोन्ही वेळा आधी डॉक्टर.

घोड्याला मोहरकी, म्हणजे डोक्यावरून बांधायची दोरी, घाला, लगाम नको. दुसऱ्या माणसाने दोर हातात धरावा, खुंट्याला किंवा झाडाला आवळून बांधू नये. तुम्ही घोड्याच्या डाव्या खांद्याशेजारी उभे राहा, तोंडासमोर कधीही नाही, कारण घोडं पुढचा पाय मारतं.

पहिल्यांदा चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवा. डावी-उजवी बाजू सारखी लागते का, कुठे गरम लागतं का, सूज आहे का. तीन-चार वर्षांच्या घोड्याच्या खालच्या जबड्याच्या कडेला दोन्ही बाजूंना सारखे कडक उंचवटे हाताला लागतात. नव्या दाढा येण्याच्या वयात ते असायचेच. एकाच बाजूला असतील, दुखत असतील किंवा फुटून पू येत असेल तर मात्र मुळाशी दुखणं आहे.

मग गालाच्या बाहेरून, डोळ्याच्या खाली आणि पुढे, वरच्या दाढांच्या रेषेवर बोटांनी हलकं दाबत जा. आत काटे असतील तर घोडं लगेच मान काढून घेतं. दोन्ही बाजूंना करा आणि फरक लक्षात ठेवा. तोंडात हात न घालता मालकाला करता येईल अशी याहून उपयोगी चाचणी मला माहीत नाही.

पुढे ओठ उघडा. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसतात का ते समोरून आणि बाजूने बघा. वरचे दात पोपटाच्या चोचीसारखे पुढे आले असतील तर मागच्या दाढांवर आकडे वाढलेले असण्याची शक्यता खूप असते. नराच्या सुळ्यांवर कीट साठतं, हिरडी लाल होते, तेही दिसेल.

आता ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा मोकळ्या हिरडीवर ठेवा. इथे दात नसतात, तरी अंगठा मागे सरकू देऊ नका. हिरडी गुळगुळीत आणि गुलाबी असावी. कडियाळाने घासलेली, निळसर किंवा कापलेली असेल तर लगाम बदलायची वेळ झाली. ओठाचे कोपरेही बघा. काटेरी कडियाळ अजून काही जण वापरतात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत आणि त्यांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला बंदी आहे. कायद्याचं राहू द्या, असा लगाम तोंडाची एवढी नासाडी करतो की पुढे साधं कडियाळही घोडं घेत नाही.

शेवटी तोंड मिटलेलं असताना एक हात नाकाच्या हाडावर ठेवून दुसऱ्याने खालचा जबडा हळूच डावीकडे-उजवीकडे सरकवा. दाढा दाढांवर घासल्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा. एका बाजूला जबडा अडत असेल तर नोंद करा.

इथे थांबायचं. जीभ बाहेर ओढून धरून आत बघण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण जोरात ओढल्याने जिभेला आणि तिच्या मुळाच्या हाडाला इजा होते. दाढांच्या मध्ये बोट घालणं तर बोट गमावण्याचं काम आहे.

कोणत्या वयाला किती वेळा

शिंगरू जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत जबड्यांचा मेळ बघून घ्या. पुढचे दात क्रमाने येतात: मधले पहिल्या आठवड्यात, त्याशेजारचे महिना-दीड महिन्यात, कडेचे सहा ते नऊ महिन्यांत.

सर्वात जास्त लक्ष लागतं ते अडीच ते पाच वर्षांच्या मधल्या काळात. या वयात दुधाचे २४ दात पडतात आणि त्यांच्या जागी पक्के येतात. समोरच्या दातांच्या जोड्या अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात. बाजारात आपण आदत, दोनदाती, चारदाती म्हणतो ते यावरूनच. पण त्याच काळात आत दुधाच्या दाढाही बदलत असतात. जुन्या दाढेची टोपी कधी नव्या दाढेवर अडकून बसते, हलते, दुखते. आणि खानदेशात घोड्याला लगाम, खोगीर, नाच शिकवतात तेही नेमकं याच वयात. वुल्फ टूथवर कडियाळ आदळत असेल तर शिकवणी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा. या वयात दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या.

पाच ते अठरा-वीस वर्षांपर्यंत वर्षातून एकदा पुरे. वीसच्या पुढे पुन्हा सहा महिन्यांनी.

वर्षातली वेळ म्हणाल तर लग्नसराई उरकल्यावर, आषाढात, पाऊस पडून हवा थंड झालेली असते आणि घोड्याला विश्रांती देता येते. तेव्हाची तपासणी चांगली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर असताना, गुंगीचं औषध देऊन काम करणं टाळावं. अगदी अडलं तर पहाटे. तुळशीच्या लग्नाआधी घरची एक तपासणी करून घेतली की हंगामाला घोडं तयार.

डॉक्टर येण्याच्या दिवशी

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा बराचसा वेळ गाई-म्हशी, शेळ्यांमध्ये जातो. घोड्याच्या दाढांची हत्यारं प्रत्येक ठिकाणी नसतात, तेव्हा फोन करून आधी विचारा: तोंड उघडं ठेवणारा चाप आहे का, लांब दांड्याच्या कानशी आहेत का, डोक्याला लावायचा दिवा आहे का. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरून फिरत्या पथकाशी बोलता येतं. मोठं काम असेल तर मुंबईच्या परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माझा अनुभव असा की चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून एकाच दिवशी एका गावात जनावरं आणली तर घोड्यांचं काम करणारे डॉक्टर लांबूनही यायला तयार होतात आणि खर्च वाटला जातो.

धनुर्वाताची लस कधी दिली ते डॉक्टरांना सांगा. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि तोंडातली जखम त्याला पुरते. घोडी गाभण असेल, आधी कोणतं औषध चालू असेल, मागे गुंगीच्या औषधाने त्रास झाला असेल, तेही सांगा. सकाळी चंदी देऊ नका, पाणी मात्र ठेवा. जागा सावलीची, कोरडी, न घसरणारी हवी. पोरांची गर्दी आणि मोबाइलवरची गाणी बाजूला. अर्धवट गुंगीतलं घोडं आवाजाने दचकून उठतं.

शिरेतून औषध दिल्यावर पाचेक मिनिटांत मान खाली जाते, घोडं पाय फाकवून उभं राहतं. घाम येतो, लघवी जास्त होते. घाबरू नका. डॉक्टर तोंड पाण्याने धुतील, चाप लावतील, दिव्याने आणि आरशाने बघतील, हाताने प्रत्येक दाढ चाचपतील. चाप लावलेला असताना समोर उभे राहू नका. घोड्याने डोकं उडवलं तर तो लोखंडाचा चाप माणसाचं तोंड फोडतो. मध्ये मध्ये चाप ढिला करून जबड्याला विसावा देणारे डॉक्टर चांगले समजावेत.

तुम्हीही हात धुऊन, डॉक्टरांच्या सांगण्याने आणि त्यांच्या देखरेखीत, वरच्या दाढेच्या बाहेरच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघा. कानस मारण्याआधी आणि नंतर. तो फरक बोटाला कळला की पुढच्या वर्षी कुणी सांगावं लागत नाही.

कानस मारणं म्हणजे दाढा सपाट करणं नव्हे. दाढेचा माथा मुळातच थोडा उतरता आणि खडबडीत असतो, त्यावरच वैरण दळली जाते. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावावी लागते, तसंच हे. फक्त धारदार काटे आणि वाढलेले आकडे काढायचे, माथा तसाच ठेवायचा. फार वाढलेली दाढ एका बैठकीत खाली आणायची नाही, थोडी थोडी, तीन ते सहा महिन्यांच्या अंतराने. जास्त घासली तर आतला जिवंत गर उघडा पडतो आणि दाढ मरते. मशीनची कानस असेल तर दाढ तापू नये म्हणून पाणी मारत काम व्हायला हवं. एका घोड्यानंतर हत्यारं जंतुनाशकात धुतलीत ना, हे निःसंकोच विचारा.

बाजारात किंवा वस्तीवर फिरून, दिव्याशिवाय, चापाशिवाय, जीभ ओढून कानस मारून देणारे लोक भेटतात. त्यांच्याकडून हे करून घेऊ नका. त्यांची कानस पहिल्या दोन-तीन दाढांपर्यंत पोचते, मागचा आकडा जागच्या जागी राहतो. तरण्या घोड्याच्या टाळूची सूज उतरवायला चिरा देणं किंवा डाग देणं हेही बंद व्हायला हवं. समोरचे दात बदलताना त्यांच्या मागची टाळू थोडी फुगते आणि आपोआप बसते. डाग दिल्याने घोड्याला फक्त वेदना मिळतात आणि तो आठवडाभर खात नाही.

काम झाल्यावर डॉक्टरांकडून लेखी नोंद घ्या. त्यात दाढांना तीन आकडी क्रमांक असतात. पहिला आकडा बाजूचा: १ म्हणजे वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे, सगळं घोड्याच्या बाजूने. पुढचे दोन आकडे समोरच्या मधल्या दातापासून मोजलेली जागा. ०४ म्हणजे सुळा, ०५ वुल्फ टूथ, ०६ पहिली दाढ, ११ शेवटची. म्हणजे १०६ ही वरची उजवी पहिली दाढ आणि ३११ ही खालची डावी शेवटची. दुसरे डॉक्टर आले तरी हा कागद त्यांना लगेच समजतो.

नंतरची काळजी

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत, साधारण एक ते दोन तास, घोड्यापुढे वैरण ठेवू नका. अर्धवट शुद्धीत खाल्लं तर घास घशात अडकतो आणि नाकातून लाळ-वैरण येऊ लागते. तसं झालंच तर पाणी पाजायला जाऊ नका, खाणं-पाणी दूर करा, मान खाली राहू द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

पहिले एक-दोन दिवस ओली मऊ वैरण, हिरवं गवत, भिजवलेला कोंडा. लाळेत थोडं रक्त दिसलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही घोडं खात नसेल किंवा तोंडाला वास येत असेल तर फोन करा. नुसती कानस मारली असेल तर कडियाळ तीन-चार दिवस नको. दात काढला असेल किंवा गालाला जखमा असतील तर दहा-पंधरा दिवस नको. वरातीची सुपारी घेताना हे दिवस आधीच धरून ठेवा.

घोडं विकत घेताना

समोरच्या दातांवरून वय ठरवण्याची आपली पद्धत आठ-नऊ वर्षांपर्यंत बरीच खरी असते. खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे मधल्या जोडीत सहाव्या, शेजारच्या जोडीत सातव्या आणि कडेच्या जोडीत आठव्या वर्षाच्या आसपास बुजतात. पुढे वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक उभी चर दिसू लागते आणि विसाव्यापर्यंत ती दातभर उतरते, पण इथून पुढे अंदाजच. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खोटे खळगे कोरून त्याला तरणं दाखवण्याची लबाडी फार जुनी आहे. कोरलेल्या खळग्याभोवती पांढऱ्या लुकणाची, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाची, नैसर्गिक कड नसते, नुसता काळा डाग दिसतो.

सौदा लाखांत असेल तर विसार देण्याआधी दाढा दिव्याने बघून घेण्याची अट घाला. निदान घोड्यापुढे मूठभर कडबा टाका आणि तो पूर्ण संपेपर्यंत उभे राहा. चंदी खाऊन दाखवणं पुरेसं धरू नका.

म्हातारं घोडं

वीस-पंचवीसच्या पुढे दाढा झिजून संपत येतात, काही पडतात, काही हलतात. आता कानशीने फार काही साधत नाही, खाणं बदलावं लागतं. कडबा अगदी बारीक करून पाण्यात भिजवा, हिरवा लुसलुशीत चारा वाढवा, हरभऱ्याची चुरी भिजवून द्या. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडं ठेवू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, हाडं ठिसूळ होतात. कोंडा थोडा, त्यासोबत लसूणघास आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खनिज मिश्रण. हा बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा आणि दिवसाचं खाणं चार वेळांत वाटा. भिजवलेलं खाणं खानदेशच्या उन्हात दोन-तीन तासांत आंबतं, म्हणून प्रत्येक वेळी ताजं कालवा आणि उरलेलं गव्हाणीतून काढून टाका.

दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून, त्याच जागी, त्याच फितीने मोजून वहीत लिहा. अंगावर हिवाळ्याचे केस वाढले की घोडं भरलेलं दिसतं आणि आतून वाळत असतं. फितीवर ते लगेच दिसतं.